कॉव्हेंट्रीची अंगाई

नाताळची गीते म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाणी उभी राहते, मेंढपाळ येतात, देवदूतांचा मेळा आकाशात दिसू लागतो. तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता सांगणे हेच या गीतांचे प्रयोजन, अशी आपली समजूत आहे आणि बहुतेक गीतांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु डिसेंबर महिन्यात देशोदेशीचे गायकवृंद आवर्जून गातात अशा गीतांमध्ये एक गीत असे आहे की ज्यात मेंढपाळ नाहीत, तारा नाही, आनंदाची हाळीही नाही. त्यात आहेत तीन आया, त्यांच्या कडेवरची तान्ही मुले आणि दाराशी येऊन ठेपलेले मरण. हे गीत म्हणजे एक अंगाई आहे. तिने झोपी गेलेली मुले पुन्हा उठणार नाहीत, हे गाणाऱ्या मातांना ठाऊक आहे. 'कॉव्हेंट्री कॅरल' या नावाने ही अंगाई ओळखली जाते.

अशा गीताला नाताळात जागा असावी काय? हा प्रश्न केवळ गीतांच्या निवडीचा नव्हे. सणाच्या आनंदाशी दुःखाचे नाते कोणते, आणि ज्याला आज आनंद करता येत नाही अशा माणसाचे सणात स्थान कोणते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी या गीताचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. कारण उत्तराचा बराच भाग त्या इतिहासातच दडलेला आहे.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातील, लोकरी कापडाच्या व्यापारावर भरभराटीस आलेले शहर. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे ख्रिस्तशरीराच्या सणाला बायबलमधील प्रसंगांवर नाटके होत. ही नाटके धर्मगुरू करीत नसत. ती करीत शहरातल्या कारागिरांचे संघ. प्रत्येक संघाकडे एकेक नाटक सोपविलेले असे आणि चाकांवरचा रंगमंच ओढीत ओढीत ते शहरात ठिकठिकाणी दाखविले जाई. या नाटकांपैकी आज दोनच उरली आहेत. त्यांतले एक विणकरांचे. दुसरे विणलेल्या कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणाऱ्या कारागिरांचे आणि शिंप्यांचे. मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपापासून बेथलेहेमच्या बालहत्येपर्यंतची कथा या दुसऱ्या नाटकात आहे आणि आपली अंगाई त्यातलीच आहे.

म्हणजे हे गीत मुळात नाताळच्या थंडीत नव्हे, तर उन्हाळ्याच्या तोंडावर, भर रस्त्यात गायिले जात होते. शिवाय त्या काळी अशा नाटकांतील स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. तेव्हा बेथलेहेमच्या तीन मातांच्या वेषात ही अंगाई गाणारे बहुधा कातर आणि सुई हातात धरणारे तीन बाप्येच असणार. त्यांच्यापैकी कित्येकांनी आपली स्वतःची मुले पुरलेली असतील; त्या काळात क्वचितच एखादे घर त्यातून सुटे.

रॉबर्ट क्रू नावाच्या माणसाने सुधारून लिहिलेल्या या नाटकाच्या संहितेवर १५३४ हे साल होते. धर्मक्रांतीनंतर काळ पालटला आणि १५७९ नंतर कॉव्हेंट्रीची ही नाटके कायमची बंद पडली. तरीही १५९१ मध्ये, म्हणजे नाटके थांबल्याला बारा वर्षे लोटल्यावर, कोणीतरी त्यातील गीते स्वरांसह संहितेला जोडली. त्यांवर टॉमस मॉडिक हे नाव होते. पुढे टॉमस शार्प या कॉव्हेंट्रीच्याच इतिहासप्रेमी गृहस्थाने हे नाटक १८१७ मध्ये आणि पुन्हा १८२५ मध्ये छापले. हे काम त्याने वेळेवर केले असेच म्हणावे लागेल. कारण १८७९ साली बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत मूळ हस्तलिखित जळून गेले. आज आपण जे गातो ते शार्पच्या छापील पानांवरून आलेले आहे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मारल्या गेलेल्या मुलांविषयीचे हे गीत स्वतःच एका आगीतून थोडक्यात वाचले आहे.

आता हे गीत नाटकात कोठे येते ते पाहू. ज्ञानी लोक आपल्याला न भेटता दुसऱ्या वाटेने गेले हे कळताच हेरोद राजा खवळतो. तो नुसता रंगमंचावर नव्हे, तर खाली उतरून रस्त्यावरही थैमान घालतो, अशी सूचनाच संहितेत आहे. म्हणजे जुलमी राजा प्रेक्षकांच्या गर्दीत शिरत असे. पाहणाऱ्यांना तो हातभर अंतरावर येई. मग तो आपल्या शिपायांना लहान मुलांची कत्तल करण्याची आज्ञा देतो आणि येथे नाटककाराने एक विलक्षण गोष्ट केली आहे. शिपाई आधी नकार देतात. एवढी कोवळी मुले मरताना पाहणे लाजिरवाणे आहे, या कामी माझा सल्ला मिळणार नाही, असे एक जण सांगतो. अशाने तुझ्याच देशात बंड होईल, असे दुसरा बजावतो. मत्तयच्या शुभवर्तमानात यातले काही नाही. ही भर कॉव्हेंट्रीची आहे. राजा फासाची धमकी देतो आणि दोघेही शिपाई नमतात.

यानंतर देवदूत येतो. तो योसेफ आणि मरियेला सावध करतो; ते बाळाला घेऊन मिसर देशाची वाट धरतात. आणि लगेच तीन आया मुलांना घेऊन येतात व अंगाई गातात. तिच्या आरंभीचे शब्द आपल्या 'जो जो' सारखे, अर्थावाचूनचे, केवळ थोपटण्याचे आहेत. मग एक आई इतर दोघींना बहिणी म्हणून हाक मारते आणि या लेकराला आज कसे राखावे असे विचारते. राजाचा संताप आणि त्याची आज्ञा यांचा उल्लेख होतो. शेवटी शोक आणि निरोप. एवढेच गीत. त्यात कोणाला शाप नाही, सूडाची भाषा नाही, देवाला जाब नाही आणि देवाच्या वतीने दिलेले उत्तरही नाही.

मात्र या आया मुकाट्याने मरण पत्करणाऱ्या नाहीत. शिपाई आल्यावर त्या त्यांना त्यांच्या शौर्याची लाज आठवून देतात आणि तिसरी तर स्वयंपाकघरातली पळी उगारून मी लढेन म्हणते. प्रेक्षक त्या वेळी हसतही असतील. पण तलवारीपुढे पळी उगारणाऱ्या आईला हसता हसता घशात काहीतरी अडकत असणार. कत्तल होते. त्या रडण्याचा आवाज ऐकून शिपाई हादरतात. याचा सूड उगवेल अशी भीती एकाला वाटते. त्यावर दुसरा म्हणतो की, ज्याने हे करविले त्या राजाच्या माथी याचा दोष. मग प्रेते गाड्यांत भरून राजापुढे न्यायला ते निघतात. "आम्ही केवळ आज्ञा पाळली" हे समर्थन विसाव्या शतकातील मोठमोठ्या खटल्यांत जगाने ऐकले. कॉव्हेंट्रीच्या शिंप्यांनी ते चारशे वर्षांपूर्वीच ओळखले होते आणि ते किती पोकळ आहे हेही ओळखले होते. कारण त्यांनी शिपायांना आधी नकार द्यायला लावला. ज्याला चूक कळते आणि तरी जो ती करतो, त्याला मागून अज्ञानाचा आडोसा घेता येत नाही.

परंतु या प्रसंगातला सर्वांत बोचरा प्रश्न शिपायांविषयीचा नाही, तो देवदूताविषयीचा आहे. देवदूत एकाच घरी आला. त्याने एकाच बापाला जागे केले. बाकीच्या घरांत कोणी आले नाही. एक बालक वाचले आणि त्याच्यामुळे इतर मेली, असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यावे? फ्रेंच साहित्यिक आल्बेर कामू यांच्या १९५६ सालच्या 'पतन' या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीतील निवेदक हाच मुद्दा काढतो. आपल्याला सुखरूप नेले जात असताना मागे मुले कापली गेली, हे येशूला ठाऊक असणार आणि त्या जाणिवेचे ओझे त्याने जन्मभर वाहिले असणार, असे तो सुचवितो. कामू श्रद्धावंत नव्हते. तरीही हा प्रश्न श्रद्धावंताने टाळावा असा नाही. अपघातातून, साथीतून, पुरातून वाचलेल्या कित्येक माणसांच्या मनात तो असतोच: मीच का वाचलो?

या प्रश्नाला आपल्याकडे घाईने उत्तरे दिली जातात. देवाची इच्छा, देवाला ती मुले हवी होती, यातही काही चांगले असेल. मूल गमावलेल्या आईपुढे बसून अशी वाक्ये उच्चारणारी माणसे वाईट नसतात. त्यांना शांतता सहन होत नाही इतकेच. पण मत्तय काय करतो ते पाहण्यासारखे आहे. बालपणाच्या कथेत तो वारंवार सांगतो की अमुक गोष्ट घडली ती संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून. बालहत्येपाशी येताच मात्र तो आपली शब्दयोजना बदलतो. "व्हावे म्हणून" असे न म्हणता, "तेव्हा" यिर्मयाचे वचन पूर्ण झाले, एवढेच तो म्हणतो. ग्रीक मूळातील हा फरक अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. हत्या हा देवाचा हेतू होता, असे शुभवर्तमानकाराच्या लेखणीतून उतरत नाही. आणि जे वचन तो आठवतो ते राहेलचे: लेकरांसाठी रडणारी आणि सांत्वन नाकारणारी आई. तिचा नकार तो दुरुस्त करीत नाही. तसाच ठेवतो.

या घटनेच्या आकड्यांचाही एक धडा आहे. ग्रीक उपासनेत मारल्या गेलेल्या मुलांची संख्या १४,००० सांगितली गेली, सिरियन परंपरेत ६४,०००, मध्ययुगातील काही लेखकांनी १,४४,००० पर्यंत मजल नेली. बेथलेहेम हे लहानसे गाव होते. तेथे दोन वर्षांखालील मुलगे विसाच्या आतबाहेरच असतील, असे आधुनिक अभ्यासक म्हणतात. हेरोदाने आपली पत्नी आणि तीन पुत्र यांना मारविल्याची हकीगत सांगणारा इतिहासकार जोसेफस या घटनेचा उल्लेखही करीत नाही. त्यावरून इतिहासकारांत वाद आहे. आम्हांला येथे एवढेच म्हणायचे आहे की, दुःख मोठे ठरण्यासाठी आकडा मोठा असावा लागत नाही. कॉव्हेंट्रीच्या नाटकात तीनच आया आहेत. त्या पुरेशा आहेत.

ख्रिस्तसभेने या मुलांना नाताळच्या जवळच ठेवले, याला अर्थ आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांचा सण रूढ झालेला होता. २५ डिसेंबरला जन्म, २६ला रक्तसाक्षी स्तेफन, २७ला योहान आणि २८ला ही निरपराध बालके. या दिवशी शोक करावा की त्यांचा गौरव करावा, याविषयी ख्रिस्तसभेच्या मनातही द्विधा होती. १९६०च्या सुधारणेपूर्वी, सण रविवारी येत नसेल तर, रोमन विधीत धर्मगुरू शोकाची जांभळी वस्त्रे घालीत आणि गौरवगीत गायिले जात नसे. आता रक्तसाक्षींची लाल वस्त्रे घालतात. दोन्ही रंगांना आपापला अर्थ आहे. परंतु सण नाताळपासून दूर नेऊन ठेवावा, म्हणजे आनंदात खंड पडणार नाही, असे कोणी केले नाही.

मराठी माणसाला हे सारे परके वाटू नये. कंसाने देवकीची बाळे मारल्याची कथा आपल्या शेजारच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. पाळण्याची भीती सिंहासनाला वाटते, हे या भूमीलाही ठाऊक आहे. आपल्याकडे बारशाच्या पाळण्यात बाळाच्या पुढच्या पराक्रमांचे वर्णन असते. पाळणा म्हणजे भविष्याचे गाणे. कॉव्हेंट्रीची अंगाई हा भविष्य हिरावलेला पाळणा आहे. आणि जात्यावर बसलेल्या आपल्या बायकांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण ओवीत घातली ती काही कोडे सोडविण्यासाठी नव्हे. दळण चालू राहावे आणि दुःखही नाकारले जाऊ नये, म्हणून घातली. गाणे हे नेहमी उत्तर नसते. कधी कधी ते केवळ सोबत असते.

या गीताच्या चालीविषयी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सबंध चालीवर कोमल गंधाराची छाया आहे. पण अखेरच्या स्वरमेळात एकाएकी शुद्ध गंधार लागतो. ऐकणाऱ्याला वाटते, अंधाऱ्या खोलीत कोणी दार किलकिले केले. असा शेवट करण्याची त्या काळची रीतच होती, तेव्हा त्यातून फार मोठा सिद्धांत काढू नये. शब्द शोकाचेच राहतात, आणि आशा शोकाच्या जागी येत नाही, तर त्याच्या शेजारी येऊन उभी राहते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्बवर्षाव केला. पाचशेहून अधिक माणसे मेली. सेंट मायकलच्या मध्ययुगीन कॅथीड्रलच्या केवळ बाहेरच्या भिंती आणि मनोरा उभा राहिला. त्या वर्षी नाताळच्या दिवशी बीबीसीने साम्राज्यभर जो कार्यक्रम प्रक्षेपित केला, त्यात या भग्न कॅथीड्रलमधून तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड बोलले. सूडाचा विचार मनातून काढून टाकणे कठीण असले तरी आम्ही तसा प्रयत्न करीत आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्या पडक्या भिंतींत हीच अंगाई गायिली गेली. शिंप्यांच्या नाटकातले गाणे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपल्या गावी परतले होते आणि या वेळी शोक अभिनयाचा नव्हता.

पुढे हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या प्रार्थनेतील दोनच शब्द कोरवून घेतले: पित्याला हाक आणि क्षमेची याचना. "त्यांना" हा शब्द त्यांनी वगळला. क्षमेची गरज केवळ शत्रूला नाही, ही त्यामागची भूमिका. ती किती खरी होती हे लवकरच दिसले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन शहर जाळले. सुमारे २५,००० माणसे मेली. तेथेही आया होत्या, अंगाया होत्या. हेरोद हा नेहमी परक्याच राजवाड्यात राहतो, ही आपली सोयीची समजूत आहे. नाटकातला हेरोद मात्र रंगमंचावरून उतरून आपल्याच गर्दीत शिरत होता. १९६५ साली कॉव्हेंट्रीहून तरुण स्वयंसेवकांचा एक गट ड्रेस्डेनला गेला आणि बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या तेथील एका ख्रिस्ती रुग्णालयाच्या पुनर्बांधणीस त्यांनी हातभार लावला. सूडाची भाषा नसलेल्या अंगाईला शोभेल असेच हे कृत्य होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वर्षभर माणसे दुःख भोगतातच. मग वर्षातून एकदा येणाऱ्या सणात तरी त्यांना निखळ आनंद का लाभू नये? मुलांच्या नाताळवर हेरोदाची सावली का पाडावी? आम्ही आनंदाच्या विरोधात नाही. आनंदाची गीते उंच स्वरात गायिली जावीत, कंदील लागावेत, मुलांनी गव्हाणीपुढे नाचावे. पण जो आनंद कोणाला तरी बाहेर ठेवूनच टिकतो, तो ख्रिस्तजन्माचा आनंद आहे का, हे तपासून पाहावे लागेल. नाताळच्या आधीच्या रात्री आपल्या गावांतली तरुण मुले घरोघर गात फिरतात. ज्या घरी त्या वर्षी माणूस गेले, तेथे कंदील नसतो. गट त्या दाराशी क्षणभर घुटमळतो आणि पुढे जातो. त्यात अनादर नसतो; आपल्याजवळ त्या घरासाठी गाणेच नाही, ही अडचण असते. या घरासाठी नाताळकडे खरोखरच काही नसेल, तर पहिल्या नाताळातले बेथलेहेमही आपल्याला कळलेले नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. दुःखाचे गीत गोड गळ्याने गाता गाता दुःख हीच एक शोभेची वस्तू होऊन बसते. ही अंगाई आज झगमगत्या सभागृहांत, टाळ्यांच्या गजरात गायिली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे क्षणभर ओलावतात आणि तो समाधानाने घरी जातो. नाटकात मात्र गीतानंतर पळी येते. शोक करणाऱ्या हातांनीच ती उगारलेली असते. आजही घर सोडून पळणारी कुटुंबे आहेत, मिसर देशाची वाट शोधणारे योसेफ आहेत आणि सरहद्दीवर आज्ञा पाळणारे शिपाईही आहेत. आपल्या अवतीभोवती कुपोषणाने, उपेक्षेने, वेळेवर औषध न मिळाल्याने जाणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी हातातले जे काही साधे साधन आहे ते उगारायचे की नाही, हा प्रश्न अंगाई संपल्यावर सुरू होतो.

२८ डिसेंबरला मिस्साला मोजकीच माणसे असतात. गायकवृंद दमलेला असतो, पाहुणे परतीच्या तयारीत असतात. त्या मोजक्या माणसांत एखादी अशी आई असते, जी नाताळच्या मध्यरात्री आली नव्हती. तिला काही समजावून सांगण्याची गरज नाही. गव्हाणीजवळ तिच्यासाठीही जागा आहे आणि तिचे रडणे सणाच्या आड येत नाही, एवढे तिला कळले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी एक अंगाई पुरते. ती गायची तयारी मात्र आपली हवी.